आकडे पुसलेले आलेख

मी जन्मात सगळ्यांत जास्त कोणाशी भांडले असेन तर फॉन्टशी. सासू, नणंद, ऑफिसातले साहेब हे सगळे त्यानंतर. हे सांगितलं की आता हाताखालच्या मुली हसतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर हिंदी काय, मराठी काय, बोट लावलं की उमटतं आणि इथून तिथे पाठवलं तरी तसंच राहतं. आमच्या वेळी हिंदी अक्षरं इंग्रजी कळांच्या पोटात लपवलेली असायची. फॉन्ट आहे तोवर पडद्यावर 'श्वास' दिसायचा, आणि फॉन्ट गेला की त्याच जागी इंग्रजी अक्षरं, कंस नि स्वल्पविराम यांचा कचरा. हा कचरा निस्तरण्यात मी पटाईत होते आणि मला त्याचा फार तोरा होता. तो तोरा कसा उतरला हे मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही.

माझी पहिली नोकरी इंदूरच्या 'जुनी इंदूर' नावाच्या भागात होती. खाली भांड्यांचं दुकान, वर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर. डॉक्टरकी, शेतकी, इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांचे प्रबंध आमच्याकडे यायचे. त्यांच्या वहीतले आकडे भरायचे आणि त्यांचे आलेख काढून द्यायचे, हे माझं काम. बी.एस्सी. नंतर सहा महिन्यांचा कोर्स करून मी तिथे लागले तेव्हा बाबांनी सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं, "बेटी कंप्यूटर में है." ऐकणाऱ्याला वाटावं, मी त्या डब्याच्या आतच बसते.

बाबा गिरणीत होते. आजोबा महूच्या छावणीत, पलटणीत होते, पण बाबांना कवायत नको होती. म्हणून ते वयाच्या विसाव्या वर्षी इंदूरला आले आणि कापसाच्या गाठी फोडून पिंजायच्या खात्यात चिकटले. त्या खात्यात कापसाची धूळ इतकी असायची की घरी येताना त्यांच्या भुवया, कानावरचे केस, नाकपुड्या सगळं पांढरं. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी त्यांची छाती भरून यायची, मग आठवडाभरात थोडी थोडी सुटायची. त्या खात्यातल्या सगळ्यांचं तेच होतं. 'सोमवारची छाती' असंच म्हणायचे ते, सर्दी-पडशासारखं, हसत हसत.

मग एकेक करून गिरण्या बंद पडायला लागल्या. पेपरात नव्या धोरणाच्या आणि बाहेरच्या कंपन्यांच्या बातम्या, आणि आमच्या परदेशीपुऱ्यात ओट्यावर भर दुपारी बसलेले बाप्ये. बाबांची गिरणी बंद झाली तेव्हा ते पन्नाशीलाही पोचले नव्हते. पहिले काही दिवस ते सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. कुठे जायचं नसायचं. आई त्यांच्यासमोरून झाडू मारत जायची.

गिरणी बंद व्हायच्या आधीपासून एक डॉक्टरबाई गेटवर टेबल टाकून बसायच्या. महाराष्ट्रातून आल्या होत्या. त्यांचं मराठी साजूक, आमचं इंदुरी ऐकून त्यांना हसू फुटायचं. त्यांच्याकडे एक नळी होती. तिच्यात जीव खाऊन फुंकायचं, काटा सरकायचा, आणि जो आकडा येईल तो त्या वहीत लिहायच्या. काटा जितका लांब सरकेल तितकी छाती चांगली. बाबांच्या खात्यातले चाळीस जण त्यांनी निवडले होते. गिरणी बंद झाल्यावरही त्या दर महिन्याला यायच्या आणि त्याच चाळीस जणांना फुंकायला लावायच्या. धूळ थांबली तर माणसाची छाती सुधारते का, हे त्यांना बघायचं होतं. वहीत नावं नव्हती. ज्याचा त्याचा बिल्ला नंबर होता, गिरणीत शर्टावर लावायचा तो. गिरणीवाले एकमेकांना नंबरानेच ओळखायचे. बाबांना कित्येकांची खरी नावं माहीत नव्हती, पण नंबर सांगा, ते त्या माणसाच्या बायकोचं माहेरसुद्धा सांगत.

आलेख काढायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं ते बाबांमुळेच. डॉक्टरबाई कुठे तरी चौकशी करत होत्या आणि बाबा मध्येच म्हणाले, "मॅडम, मेरी बेटी यहीच काम करती है." पहिल्या खेपेला मी जुन्या, काळ्या पडद्याच्या प्रोग्रॅमवर ते काढले. एका पानावर चार चौकोन, प्रत्येक चौकोनात एका माणसाची रेघ. आडवे महिने, उभा श्वास. रेघा तेव्हा दोन-तीन महिन्यांच्याच होत्या आणि सगळं इंग्रजीत.

डॉक्टरबाईंनी ती पानं बघितली आणि म्हणाल्या, "छान आहेत. पण पुढच्या वेळी हिंदीत हवेत. ज्याची छाती आहे, त्याला वाचता यायला पाहिजे."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी त्यांच्यासाठी कायपण करायला तयार झाले.

इकडे घरी वेगळंच चाललं होतं. गावाबाहेर पोहे मिलमध्ये माणसं घेत होते. बाबांना तिथे लागायचं होतं. आईचा त्याला सपशेल नकार.

"एक धूळ सुटली तर आता दुसरी," ती म्हणाली. "कोंडा काय छातीला गुलकंद आहे का?"

"अगं, घरात बसून बसून डोकं खराब होतंय माझं," बाबा म्हणाले. "आणि आता छाती मोकळी आहे पहिल्यापेक्षा. मतलब, जिन्यावर दम लागत नाही इतका."

हे भांडण रोजचं झालं. मी मध्ये पडले, कारण मला सगळीकडे मध्ये पडायची खोड होती. डॉक्टरबाई वर्षभराचे आकडे गोळा करून शेवटची सभा घेणार होत्या. ज्यांची रेघ खाली असेल त्यांनी पुन्हा धुळीच्या कामाला जन्मात जायचं नाही, आणि त्यांना औषधासाठी मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, असं ठरलं होतं. मी म्हणाले, "तुम्ही दोघं कशाला भांडता? आलेख येऊ द्या. रेघ खाली असली तर बाबा जाणार नाहीत. वर असली तर आई बोलणार नाही." दोघांनी ते मान्य केलं. माझ्या कागदावर त्यांचा विश्वास होता.

नेमका त्याच वेळी आमच्या साहेबांनी प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन आणलं. आता माऊस होता, रंग होते, आणि जुन्या फायली नव्यात आपोआप उघडतील असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. उघडल्याही. चाळीसच्या चाळीस चौकोन आले. मी नवे महिने भरले, महिन्यांची नावं हिंदीत टाकली, उभ्या रेघेशेजारी 'साँस' असं लिहिलं, फॉन्ट हिंदी केला आणि पडद्याकडे बघून हबकले. अक्षरं झकास होती. पण उभ्या रेघेवरचे आकडे गायब, आणि त्यांच्या जागी अर्धी अक्षरं, वेलांट्या, उकार लटकलेले. जुन्या प्रोग्रॅमला शब्दांचा फॉन्ट वेगळा आणि आकड्यांचा वेगळा सांगता यायचा. नवीन शहाण्याला पूर्ण आलेखाला एकच फॉन्ट हवा होता. हिंदी दिला की आकड्यांचा कचरा, इंग्रजी दिला की शब्दांचा कचरा.

तीन दिवस मी त्याच्याशी झटापट केली. फॉन्ट काढला, परत घातला. चार निरनिराळे हिंदी फॉन्ट आणून बघितले. एकात आकडे यायचे, पण 'साँस'वरचा चंद्रबिंदू उडायचा. दुसऱ्यात पडद्यावर सगळं ठीक आणि प्रिंटरातून बाहेर येताना नुसते चौकोन. परत जुन्या व्हर्जनवर जावं तर त्याचे सगळे फॉन्ट इंग्रजीच, हिंदी फॉन्ट त्यात बसतच नव्हता. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडमजी, हिंदी में कौन ग्राफ बनाता है?" मी त्याला असं काही सुनावलं की साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरबाईंची सभा होती आणि सभेनंतर लगेच त्यांची गाडी. त्यांना दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालं होतं. त्या सकाळी मी एक डाव केला. प्रोग्रॅममध्ये उभ्या रेघेवरचे आकडे दाखवायचे की नाही, अशी एक खूण होती. मी ती काढून टाकली. कचरा एका झटक्यात गेला. चाळीस चौकोन, ज्याचं त्याला देता यावं म्हणून या वेळी पानाला एकच, सुबक हिंदी अक्षरं, आणि प्रत्येकात एक रेघ. इतकं देखणं काम मी त्याआधी केलेलं नव्हतं. मी एकेक पान हातात घेऊन अक्षर न् अक्षर तपासलं, अनुस्वारसुद्धा. रेघांकडे मी बघितलं ते फक्त त्या नीट उमटल्यात का एवढ्यापुरतं.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. पानं चाळता चाळता त्यांचा हात थांबला.

"आकडे कुठे गेले?"

"फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, मॅडम. पण स्केल मागच्यासारखंच आहे. सगळ्यांचं एकच."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही. मला तसंच वाटत होतं. जुन्या फायलीत मीच पहिल्या ओळीत घातलं होतं की सगळ्या चौकोनांचं माप एकच ठेव. नव्या व्हर्जनने ती ओळ न सांगता गाळली होती. ते प्रत्येक चौकोनाला आपापलं माप द्यायचं, रेघ खालपासून वरपर्यंत छान भरून दिसावी म्हणून. आकडे असते तर पहिल्याच नजरेत कळलं असतं. ते मी स्वतःच्या हाताने पुसले होते. घाई होती, तोरा होता आणि माझी अक्षरं सुंदर आली होती. डॉक्टरबाईंनीही वही उघडून ताळा घेतला नाही. त्यांची वही आणि आधीची पानं बांधून सामानात गेली होती आणि त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला.

सभा धर्मशाळेच्या हॉलमध्ये झाली. सतरंजीवर चाळीस जण, मागे त्यांच्या बायका. डॉक्टरबाई एकेक बिल्ला नंबर पुकारायच्या, माणूस पुढे यायचा, त्या पान हातात देऊन दोन शब्द बोलायच्या. सगळ्यांच्याच रेघा थोड्याफार चढत होत्या, कारण धूळ थांबल्यावर सगळ्यांचीच छाती थोडीफार सुटली होती. बाबांची तर सगळ्यांत सुरेख चढत होती. डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, "तुमची प्रकृती उत्तम सुधारतेय." बाबांनी मागे वळून आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. कोणाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची वेळच आली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला. घरी येताना आईने मला विचारलं, "तू काढलंयस ना? मग बरोबरच असेल." पुढच्या सोमवारी बाबा पोहे मिलमध्ये लागले.

दोन वर्षं गेली. बाबा खोकायचे, पण गिरणीवाल्याचा खोकला आमच्या घरात नवीन नव्हता. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. आई म्हणायची, "कागदावर तर ठीक आलं होतं." मीही म्हणायचे, "वय झालं आता, बाबा." असं बोलल्याची मला आजही लाज वाटते.

मग डॉक्टरबाईंचं पत्र आलं. त्यांना ते आलेख कुठे तरी छापायला द्यायचे होते. इंग्रजीत करून पाठव, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि या वेळी आकडे दाखव. मी फाईल उघडली, फॉन्ट इंग्रजी केला, 'साँस' पुसून इंग्रजी शब्द टाकला आणि आकड्यांची ती खूण परत लावली. पहिले आठ चौकोन मी न बघताच पुढे सरकवले. नवव्यावर डोळा अडला. आकडे वेगळे होते. मी मागे गेले. आठव्यातले वेगळे, सातव्यातले वेगळे. सगळ्या रेघा सारख्याच उंच दिसत होत्या आणि प्रत्येकीच्या शेजारचे आकडे निराळे. काय झालंय ते मला लगेच कळलं, आणि कळल्यावर मी बाबांचा चौकोन उघडायला घाबरले. मग उघडला. बहुतेकांच्या रेघा ज्या आकड्यापासून सुरू होत होत्या, त्याच्या निम्म्यावर बाबांची संपत होती.

मी सगळ्यांना एकच माप लावून पानं परत काढली. आता पस्तीस रेघा वर होत्या, कोणी थोडी, कोणी जास्त. पाच अगदी तळाला चिकटून. त्यांतली सगळ्यांत खालची बाबांची. जी सुरेख चढण बघून डॉक्टरबाईंनी शाबासकी दिली होती, ती एका मापात मुंगीएवढी सुद्धा उरली नाही.

साहेबांना काही न सांगता मी तशीच उठले आणि पोहे मिलकडे निघाले. टेंपोत सबंध रस्ताभर मी बाबांना काय सांगायचं ते जुळवत होते. मिलमध्ये शिरल्यावर ते लगेच दिसले नाहीत, इतका कोंडा उडत होता. तोंडाला गमछा बांधून ते पोती सरकवत होते. मला बघून हात झटकत बाहेर आले आणि घाबरून विचारलं, "आई ठीक आहे ना?"

मी त्यांना नळाजवळच्या ओट्यावर बसवलं आणि सांगून टाकलं. व्हर्जन, फॉन्ट, माप, आकडे, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझी रेघ खाली होती."

"हो."

"किती?"

"सगळ्यांत खाली, बाबा." आणि मी रडायला लागले. त्यांच्या कोंड्याने भरलेल्या बाहीवर डोकं ठेवून भर दिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडले. चूक माझी आहे, माझ्यामुळे तुम्ही दोन वर्षं ही धूळ खाल्ली, असं काहीबाही बोलत होते.

बाबांनी मला रडू दिलं. मग माझं डोकं बाजूला करून त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"बेटा, तू म्हणालीस पाच रेघा खाली होत्या. एक माझी. बाकी चार कोणाच्या?"

खरं सांगते, माझ्या ते मनातही आलं नव्हतं. ऑफिसपासून पोहे मिलपर्यंत मी एकाच माणसाचा विचार करत आले होते. मी पिशवीतून पानं काढली आणि चार बिल्ला नंबर वाचले. प्रत्येक नंबराला बाबा मान हलवत होते. चौथ्या नंबराला त्यांनी मान हलवली नाही. "कुठल्या मशीनवर होता ते आठवतंय," म्हणाले, "पण गिरणी सुटल्यावर भेट नाही." मग उठून त्यांनी आत जाऊन सांगितलं की उद्यापासून येणार नाही.

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. बाबांना घेऊन हिंडणं मला बरोबर वाटत नव्हतं, पण नंबरावरून घर शोधणं त्यांच्याशिवाय कोणाला जमलं नसतं. पहिला माणूस भाजीची गाडी लावायचा. तो उघड्या हवेत होता. आमचं ऐकून म्हणाला, "चलो भिया, अपन तो बच गए," आणि मला मूठभर कोथिंबीर बळंच दिली. दुसरा आपल्या गावी परत गेला होता, उत्तर प्रदेशात. शेजाऱ्याकडून पत्ता घेतला आणि मी त्याला पत्र लिहिलं. तिसरा सरकी काढायच्या कारखान्यात होता, म्हणजे परत कापसातच. तो खाटेवर बसून होता. सगळं शांतपणे ऐकून त्याने एवढंच विचारलं, "अब?" बाबा त्याला हॉस्पिटलचा दिवस सांगत बसले. त्याच्याबरोबर आपणही जाऊ म्हणाले, आणि पुढे गेलेही. दोघं मिळून जायचे, रांगेत नंबर लावायचे. औषधाने बाबांना पुढची तीनेक वर्षं बरीच बरी गेली. आणखी दोन वर्षं आधी सुरू झालं असतं तर काय झालं असतं, हे मी त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला एकदा विचारलं होतं. त्याने रांगेतला पुढचा नंबर पुकारला.

चौथं घर सापडायला उशीर लागला. बाबा तीन ठिकाणी विचारत, मध्येमध्ये भिंतीला टेकत चालले होते. शेवटी एका गल्लीच्या टोकाला एक बाई दारात बसून कपड्यांना बटणं लावत होती. बाबांनी नंबर सांगितला. ती म्हणाली, "हाँ, ये उन्हींका घर है. वो तो नहीं रहे. पिछली दिवाली के बाद."

तिने आम्हाला आत बसवलं. तिचा नवराही पोहे मिलमध्येच लागला होता, दुसऱ्या कुठल्या. मी तिच्याकडे बघत नव्हते. ती आपणहून बोलत होती. "मैंने बहुत मना किया था, भाईसाहब. पर उनने वो डॉक्टरनी का कागज दिखाया. बोले, देख, लकीर ऊपर जा रही है. कागज में तो सब ठीक था."

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आज सांगता येत नाही. खरंच बोलले असते का, तेही सांगता येत नाही. पण त्याआधी बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाभी, वो कागज मैंने सबको पढ़ के समझाया था. मेरे पढ़ने में गलती हुई. लकीर नीचे थी. यही बताने आया हूँ."

बाबांनी कोणालाही काहीही वाचून दाखवलेलं नव्हतं. ते सतरंजीवर तिच्या नवऱ्याशेजारी बसून स्वतःचा नंबर यायची वाट बघत होते.

त्या बाईने हातातली सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाली, "आप जाइए." ओरडली नाही, रडली नाही. आम्ही उठलो.

गल्लीबाहेर आल्यावर मी म्हणाले, "असं का सांगितलंत? चूक माझी आहे."

ते चालता चालता थांबले, दम घेतला. "तुला अजून खूप दिवस या गावात राहायचंय, बेटा," म्हणाले. "मला किती?"

मला परत त्या दारात जाता आलं असतं. वीस पावलं होती फार तर. मी त्यांचा हात धरला आणि टेंपो थांबवला.

बाबा गेले तेव्हा आमच्या घरी पुष्कळ माणसं आली. गिरणीची बरीच होती, एकमेकांना नंबराने हाका मारत होती. भाजीवाला आला, खाटेवरचा तोही काठी टेकत आला. गर्दी ओसरल्यावर ती बाई आली. आईजवळ जाऊन बसली. आईला ती कोण ते ठाऊक नव्हतं. जाताना माझ्यापाशी थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "उनसे कहने आनेवाली थी, रह गया. मैंने उनको कब का माफ कर दिया था."

मी वाकून तिच्या पाया पडले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.